बहिणीची ॲडमिशन: नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, का अमरावतीला बी.एस्सी.?

कास्तकाराचा_पोरगा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आमचं गाव. घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, तूर आणि थोडं सोयाबीन. मी तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात कामाला आहे. लहान बहीण यंदा बारावी झाली. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं होतं. सीईटीत शासकीय अभियांत्रिकीला लागतील एवढे गुण नाहीत, पण पहिल्या फेरीत नागपूरच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर लागलंय. तिनं भरलेल्या यादीतला तो पाचव्या क्रमांकाचा पर्याय होता. दुसरीकडे अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या जुन्या व्हीएमव्हीत, बी.एस्सी.च्या यादीत तिचं नाव आलंय.

तिला विचारलं तर म्हणते, "दादा, मला खरंच समजत नाही." गावात मात्र सगळ्यांना समजतं. जो येतो तो कॉम्प्युटर म्हणतो.

खर्च असा मांडलाय. नागपूरच्या कॉलेजच्या कागदावर शिक्षण शुल्क १ लाख ८ हजार, विकास शुल्क १२ हजार, हॉस्टेल ४५ हजार. मेस महिन्याला ३,२०० म्हणजे दहा महिन्यांचे ३२ हजार. पुस्तकं, येणं-जाणं, मोबाईल मिळून पंधरा हजार धरले. एकूण २ लाख १२ हजार, आणि असं चार वर्षं. अमरावतीला भागीत खोली, डबा आणि फी धरून वर्षाला साठ हजारांत बसेल असा आमचा अंदाज आहे.

माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरलोय ते कळेल. २०१७ मध्ये मित्रांनी घेतलं म्हणून मीही एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकल घेतलं. पहिल्याच वर्षी गणितात राहिलो, दुसऱ्या वर्षी आणखी विषय राहिले. शिष्यवृत्ती थांबली. सोडायचं ठरवलं तर टीसीसाठी थकलेली फी भरा म्हणाले. बाबांनी बैलजोडी विकली. त्या जोडीतला पांढरा बैल मी वासरू असल्यापासून सांभाळला होता. सोडून आलो याचं दुःख नाही, पण मला हे नको आहे हे दोन महिन्यांत कळलं होतं आणि ते घरी सांगायला मी दोन वर्षं लावली, हे आजही सलतं. बहिणीच्या बाबतीत तसं व्हायला नको.

संत्रानगरी

भाऊ, मी नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं काम करतोय. कॉम्प्युटर लागलंय ना, मग घ्या. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, मुलगी शिकून घरापासून फार लांबही जाणार नाही. बी.एस्सी. करून माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आज स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसली आहेत. चार वर्षं जड जातील, पण पुढे सुटका आहे.

रसायनताई

थोडं थांबा. मुलीबद्दल तुम्ही फक्त "समजत नाही" एवढंच लिहिलंय. मी अमरावतीलाच बी.एस्सी., एम.एस्सी. केलं, आता कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते. दरवर्षी असं म्हणणारी पोरं बघते. त्यांना "काय आवडतं" विचारलं की गप्प होतात, कारण घाबरतात. तुम्ही भाऊ आहात, तुम्ही आठवून सांगा. कुणी न सांगता ती काय करत बसते?

सेतूवाला

आधी तो २ लाख १२ हजारांचा आकडा दुरुस्त करू, कारण त्याच्यावर बसून चर्चा चालू आहे आणि तो चुकीचा आहे.

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, जून ते सप्टेंबर हेच काम असतं. तुम्ही ओबीसीत असाल असं धरतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं माफ होतं. खाजगी कॉलेजलाही लागू आहे, फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेलं. म्हणजे तुमचे १ लाख ८ हजार वजा करा. उरले १ लाख ४ हजार. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस हे तुमचंच.

कागद: जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास. वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच्या आज समितीकडे अर्ज टाका, लोक तिथंच अडकतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नुसतं केवायसी झालेलं चालत नाही. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज दरवर्षी करायचा. पहिल्या वर्षी केला आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं, अशी दहा तरी पोरं दर हंगामात माझ्याकडे रडत येतात.

राहण्याजेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर नागपूरला वर्षाचे ६० हजार, अमरावतीला ५१ हजार अशी रक्कम आहे. पण जिल्ह्याची लाभार्थीसंख्या ठरलेली असते, म्हणून ते पैसे मिळतीलच असं धरून हिशोब करू नका. मिळाले तर वरचे समजा.

आणि कॅपचं एक. २०२५ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तोच घ्यावा लागतो. दुसरीत पहिल्या तीनपैकी लागला तरी सक्ती, तिसरीत पहिल्या सहापैकी. तुम्हाला पाचवा लागलाय म्हणून पुढे जायला मोकळे आहात. पण तिला जे नको ते पहिल्या तिनात राहू देऊ नका. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना तिला शेजारी बसवा.

शेगावचा_वारकरी

भाऊ, एक इचारतो, राग नोको मानू. गावातले लोक कॉम्प्युटर म्हनतात, तू खर्च म्हनतो, थो नागपूरवाला नोकरी म्हनतो. पोरगी काय म्हनते ते कोनीच लिहेल नाई. माह्या पोरीले मी असंच डी.एड.ले टाकलं होतं. झालं थे शिकून, पन माह्याशी दोन वर्षं धड बोलली नाई.

कास्तकाराचा_पोरगा

सेतूवाले भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू. पूर्ण माफीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, कॉलेजनं तर नाहीच. वैधता आहे, बाबांनी मागच्या वर्षीच काढून ठेवली.

रसायनताई, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. सुट्टीत ती माझ्यासोबत दुकानात यायची. शेतकरी औषध मागायला येतात तेव्हा ती बाटली हातात घेते आणि मागचं बारीक अक्षर वाचते, कंपनीचं नाव नाही. एकदा दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या काऊंटरवर शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "दादा, दोन्हीत घटक एकच आहे, टक्केही तेवढेच. मग ही दोनशे रुपयांनी महाग का?" मालकाकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तिच्याकडे एक वही आहे. डाव्या बाजूला बाजारातलं नाव, उजव्या बाजूला तांत्रिक नाव, खाली कोणत्या किडीवर आणि अंगावर उडालं तर काय करायचं. हे तिला कुणी करायला सांगितलं नाही.

त्याचं कारण मला माहीत आहे. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी बाबाही फवारून आले आणि संध्याकाळी त्यांना दिसेना. मी हॉस्टेलवर होतो. दहा वर्षांची ही पोरगी आईसोबत यवतमाळच्या दवाखान्यात होती. डॉक्टरनं विचारलं कोणतं औषध होतं, तर घरात कुणालाच नाव सांगता आलं नाही. बाबा वाचले. मला वाटतं वही तिथून सुरू झाली.

रसायनताई

हे वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही.

तिला कळत नाही असं नाही हो. तिला काय हवंय याला एखाद्या कोर्सचं नाव असतं हेच तिला माहीत नाही. विश्लेषणात्मक रसायन, कीटकनाशकांचे अवशेष तपासणं, विषशास्त्र ही सगळी खरीखुरी कामं आहेत, प्रयोगशाळा आहेत, नोकऱ्या आहेत. वाट मात्र लांब आहे. नुसत्या बी.एस्सी.वर चांगलं काम मिळणं कठीण, पुढे एम.एस्सी. धरावीच लागते. म्हणून तुमचा तीन वर्षांचा हिशोब पाच वर्षांचा करा: साठ हजारांनी ३ लाख. नागपूरचे चार वर्षांचे ४ लाख १६ हजार. फरक आहे, पण तुम्हाला वाटला तेवढा नाही.

गुरुजी_निवृत्त

आकडे बरोबर आहेत, पण पैसे कधी लागतात तेही बघा. मी चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो आणि पालकांचे हाल जवळून पाहिले. फी, हॉस्टेलची अनामत, मेसचा ॲडव्हान्स हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये मागतात. तेव्हा शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात, खतात, निंदणाच्या मजुरीत मातीत गेलेला असतो. घरात येतो तो दसरा-दिवाळीनंतर. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण सीसीआयचं, म्हणजे कापूस महामंडळाचं खरेदी केंद्र सुरू होऊन गाडी मोजली जाईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. मधल्या चार महिन्यांत लोक सावकाराकडे जातात, आणि वर्षाचा एक लाख खर्च व्याजानं सव्वा होतो.

म्हणून दोन्ही कॉलेजांचा खर्च महिन्यांच्या रकान्यात लिहा. ऑगस्टच्या रकान्यात नागपूरला किती येतात? विकास शुल्क, हॉस्टेल आणि एक महिन्याची मेस धरली तरी साठ हजार एकदम. अमरावतीला खोलीभाडं आणि डबा दर महिन्याला जातो, तुमच्या पगारातून निघू शकतो.

शैक्षणिक कर्ज हा मार्ग आहे, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जाच्या संस्थांसाठीच आहे, तुमचं कॉलेज तिच्या यादीत आहे का ते आधी पाहा. "लोन होऊन जाईल" हे कॉलेजच्या काऊंटरवरचं वाक्य ऐकून फी भरू नका.

विदर्भवीर

एक वर्ष ड्रॉप घ्या, परत सीईटी द्या. शासकीय मिळेल.

कास्तकाराचा_पोरगा

ड्रॉपचं तिला विचारलं. नाही म्हणाली, आणि त्या एका गोष्टीत ती एकदम पक्की होती.

बुलडाण्याची_लेक

माझं म्हणणं काहींना आवडणार नाही. मी इंजिनिअरिंग केलं, तेही नको असलेल्या शाखेत. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते असं सगळे सांगतात. येते, पण दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असेल तर, आणि ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळते. ज्या शाखेला मागणी असते तिथं जागा रिकामी होत नाही. माझ्या वर्षी आमच्या वर्गातून फक्त दोघांची बदलली. तो भरवसा धरून कुणी जाऊ नये.

तरी मी नागपूरच्या बाजूनं बोलणार आहे. आपल्याकडे मुलगी बी.एस्सी. झाली की घरात स्थळं यायला लागतात. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपायच्या आत. "एम.एस्सी. लग्नानंतर कर" असं म्हणतात आणि ती होत नाही. माझ्या तिन्ही चुलत बहिणींचं तेच झालं. मला इंजिनिअरिंग आवडलं नाही, पण त्या चार वर्षांना कुणी हात लावला नाही, आणि बाहेर पडताना हातात नोकरी होती. रसायनताईंनी सांगितलेली पाच वर्षं या मुलीला मिळणार आहेत का, हे आधी तिच्या घरानं सांगावं. मिळणार नसतील तर कॉम्प्युटर घ्या. मनाविरुद्ध घ्या, पण घ्या.

संत्रानगरी

रसायनताईंचं खरं आहे, आणि माझं वरचं उत्तर मी घाईत दिलं होतं. वहीचं वाचल्यावर मला "कॉम्प्युटरच घ्या" म्हणवत नाही.

एक करा. फी भरायच्या आत दोन्हीकडे बहिणीला घेऊन जा, आणि सुट्टीच्या दिवशी नाही. ऑफिसात माहितीपत्रक देतील ते ठेवा बाजूला. दुसऱ्या वर्षाच्या, खेड्यातून आलेल्या मुली गाठा आणि तिला एकटीला त्यांच्याशी बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा घ्या. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, प्रोग्रॅमिंग सगळं असतं. प्रोग्रॅमिंग तिनं कधी केलेलं नसेल तर मोबाईलवर आठवडाभर करून बघू दे. चूक सापडेपर्यंत तिला झोप लागत नसेल तर ती या कामाची आहे. मूळ कागदपत्रं तिथं ठेवून घेऊ देऊ नका, कॉलेजला तो अधिकार नाही. पडताळून परत घ्या.

कास्तकाराचा_पोरगा

(दादाच्या आयडीवरून मी लिहितेय, त्याची बहीण.)

सगळं वाचलं, दोनदा. बुलडाण्याच्या ताईंचं वाचून आईला पण वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही, पण रात्री बाबांशी बोलत होती ते मी ऐकलं.

मला कॉम्प्युटर नको असं नाही. मी कधी केलंच नाही तर नको कसं म्हणू? दादाची बैलजोडी गेली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. माझ्यामुळे तसं काही होऊ नये एवढंच डोक्यात असतं, म्हणून "समजत नाही" म्हणते. चूक झाली तर कमीत कमी नुकसान कुठं होईल ते मला बघायचं आहे.

रसायनताई, मी बी.एस्सी. घेतलं आणि नंतर वाटलं की इंजिनिअरिंगच हवं होतं, तर दार बंद होतं का?

रसायनताई

बाळा, किती नेमका प्रश्न विचारलास.

बंद होत नाही. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी. झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला अर्ज करता येतो. डिप्लोमावाल्यांच्या मानानं जागा कमी असतात आणि तुझी वर्षं जास्त जातात, पण दार आहे. एम.सी.ए.चंही दार आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम नावाची परीक्षा असते, आपल्याकडची मुलं ती देतच नाहीत, तू दे. उलट बाजूनं, इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून बी.एस्सी.ला आलीस तर बहुतेक पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं. म्हणून विषय निवडताना केमिस्ट्रीसोबत गणित मिळत असेल तर ते सोडू नकोस.

बी.एस्सी. ॲग्री मात्र वेगळी आहे, ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांतून होते. त्याचाही विचार कर, तुझ्या वहीला ती जवळची आहे. गोंधळून जाऊ नकोस, फक्त माहीत असू दे.

आणि अमरावतीला गेलीस तर प्रयोगशाळेत जाऊन उभी राहा. मी पहिल्यांदा टायट्रेशन केलं तेव्हा थेंब-थेंब सोडत होते, काही होत नव्हतं. मग एका थेंबानं फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी झालं आणि हलवलं तरी तसंच राहिलं. मी घरी पत्रात तो थेंब लिहिला होता. तुला तसं काही वाटतं का ते बघ. नाही वाटलं तर तेही उत्तरच आहे.

शेगावचा_वारकरी

हाव. आता पोरगी बोलली.

कास्तकाराचा_पोरगा

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय.

सोमवारी नागपूर केलं, बुधवारी नेरमार्गे एसटीनं अमरावती. नागपूरचं कॉलेज वाईट नव्हतं. इमारत चांगली, हॉस्टेलच्या मुली मोकळेपणानं बोलल्या. संत्रानगरी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मी बाहेर थांबलो. परत आली आणि म्हणाली, "चौघींपैकी तिघी म्हणाल्या की शाखा घरच्यांनी सांगितली."

अमरावतीला इमारत जुनी, १९२३ सालची संस्था. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत एक बाई बाटल्या लावत होत्या. बहिणीनं पिशवीतून वही काढून त्यांना दाखवली. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटत गेल्या. एका ठिकाणी पेन्सिलनं एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "हा घटक तपासायचा कसा माहीत आहे का?" पाऊण तास दोघी उभ्या होत्या.

येताना बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिनं सांगितलं, "दादा, इथं."

घरी बाबांपुढे बुलडाण्याच्या ताईंचा प्रश्न तसाच्या तसा ठेवला. पाच वर्षं मिळणार का? बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाच वर्षं या घरात पोरीच्या लग्नाचं नाव कोणी काढणार नाही. काढलं तर मला सांगायचं." आत्या बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले हे बरं झालं.

नागपूरला प्रवेश नक्की करायला रिपोर्टिंग केलं नाही. गुरुजींचा रकान्यांचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलाय. खोली आणि डबा माझ्या पगारातून, फी बाबांकडून. आधार योजनेत बसतं का ते सेतूवाल्या भाऊंना विचारून अर्ज टाकतो, आलं तर वरचं समजू. केमिस्ट्री आणि गणित दोन्ही मिळालं. ॲप्रन दारव्ह्यातच घेतला, बाह्या लांब होत्या, आईनं काल दोन बोटं आत घेतल्या.

एक मदत हवी आहे. व्हीएमव्हीच्या जवळपास मुलींसाठी घरगुती डबा कुणी देतं का? तिला तिखट सोसत नाही.

बुलडाण्याची_लेक

माझी मावशी तिकडेच राहते, चार मुलींचा डबा करते. व्यनि केला आहे, बघा. आणि तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.